चोरीला गेलेली ओल

दोष १
ठिकाण: खोली ४, पश्चिमेची भिंत
वर्णन: ओल नाही

सोमवारी सकाळी साडेदहा वाजता, नऊ खोल्यांच्या एका भाड्याच्या इमारतीतून ओल चोरीला गेल्याचं उघडकीला आलं.

ओल म्हणजे ओलच. दीड मीटर उंच, एक मीटर रुंद, कडेला हिरवट, मध्ये काळी. पंधरा दिवसांपूर्वी आमच्या निरीक्षकाने तिच्यावर तळवा टेकवला, तेव्हा तो विजारीला पुसावा लागला होता. आज तीच भिंत नव्या वहीच्या पानासारखी कोरी उभी होती. निरीक्षकाने ओल मोजायच्या यंत्राच्या दोन सुया भिंतीत खुपसल्या. काटा जागचा हलला नाही. त्याने यंत्र झटकलं आणि पुन्हा खुपसलं.

"टोचा, टोचा," मालक म्हणाला. "भिंतीला दुखत नाही."

आम्ही पाच जण होतो. शहराच्या घरतपासणी खात्याचे साहेब, निरीक्षक, इमारतीचा मालक, मालकाचा जावई आणि फाइल धरायला मी. मी खात्यात नोटिसा टाइप करतो, बावीस वर्षं झाली.

शेजारच्या पाच नंबरच्या खोलीत तर कहर होता. तिथे छताचं काँक्रीट फुगून पडलं होतं आणि हातभर लांबीच्या तीन गंजक्या सळया उघड्या पडल्या होत्या, बरोबर एका म्हाताऱ्याच्या पलंगावर. आता छत पांढरं, गुळगुळीत. पलंग होता, म्हातारा होता, सळया गायब.

साहेबांनी फाइलमधले फोटो काढले. फोटोंत ओल होती, सळया होत्या, पण सगळं इतक्या जवळून टिपलेलं की घर कुठेच नव्हतं. मालक म्हणाला, असे फोटो कुठल्याही इमारतीचे निघतील. निरीक्षकाने हातोडीने छत ठोकून बघायची परवानगी मागितली. आमच्या नियमाप्रमाणे फोडाफोड करायला मालकाची किंवा तिथे राहणाऱ्याची संमती लागते. मालक नाही म्हणाला. पाच नंबरमध्ये राहणारी शिंपीण मशीनवरून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, सासऱ्यांच्या अंगावर धूळ पडेल, नको.

आता गंमत बघा. मुळात तक्रार केली होती ती याच शिंपिणीने, स्वतःच्या सहीने.

"सळया?" ती म्हणाली. "कसल्या सळया?"

साहेब निरीक्षकाकडे वळले. "तू पंधरा दिवसांपूर्वी खरंच इथे आला होतास ना?"

शेरा: गुरुवारी अकरा वाजता, जागेवरच, अंतिम सुनावणी.

दोष २
ठिकाण: आमचं कार्यालय
वर्णन: वेळ कमी

गुरुवारी दोष सिद्ध झाले नाहीत तर निरीक्षक घरी जाणार, हे उघड होतं. पण जिना उतरताना त्याने माझा दंड धरला तो त्यासाठी नाही. एकदा 'इमारत ठीक' असा शिक्का पडला की दोन वर्षं त्याच तक्रारीवर फेरतपासणी होत नाही. तो म्हणाला, "भाऊ, तो स्लॅब बरा झालेला नाही. नुसती पुटी फासलीय. आत सळया खाल्ल्या गेल्यात. खाली म्हातारा दिवसरात्र पडून असतो. त्या स्लॅबला दोन वर्षं थांबा असं कोण सांगणार?"

मी त्याला ओळंब्याकडे नेलं.

ओळंबा म्हणजे आमच्या फेरतपासणीच्या बाई. उंच, सरळ, सडपातळ, आणि कुठेही उभ्या राहिल्या की शेजारची माणसं आपोआप वाकडी दिसतात, म्हणून गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोरीला टांगतात त्या वजनाचं हे नाव. गवंड्याची मुलगी. फेरतपासणी विभागात त्या एकट्याच आहेत, त्यामुळे विभागात मतभेद नसतात.

त्यांनी निरीक्षकाला एकच प्रश्न विचारला: फोटो इतक्या जवळून का काढलेस? तो म्हणाला, दोष नीट दिसावा म्हणून. "दोष दिसला. घर हरवलं," बाई म्हणाल्या. त्याचे कान लाल झाले, आणि त्या क्षणी मला खात्री पटली की तो खोटं बोलत नाहीये.

मग त्यांनी बोटांवर संशयित मोजले. मालक, कारण फायदा त्याचा. जावई, कारण सासऱ्याची मर्जी. निरीक्षक स्वतः, कारण न गेलेल्या जागेचा अहवाल लिहिणारे आपल्याकडे होऊन गेलेत.

"तिघंच?" मी विचारलं.

"चौथा असला तर तो आपल्याला चहा पाजेल," बाई म्हणाल्या आणि पर्स उचलली.

दोष ३
ठिकाण: फरशीचं दुकान
वर्णन: आगाऊ कबुली

मालकाचं फरशीचं दुकान आहे. दुकानातल्या फरशा आरशासारख्या आणि स्वतःच्या इमारतीचा जिना मात्र दात पडलेल्या तोंडासारखा, हे बाईंनी त्याला ऐकवलं. तो मनापासून हसला. त्याचं म्हणणं साधं होतं. गुडघ्यांमुळे तो कालपर्यंत सहा वर्षं तो जिना चढला नव्हता. इमारतीला त्याने काही केलेलं नाही, कारण काही करायची गरजच नव्हती. जुनं बांधकाम, दणकट. निरीक्षक पोरगेला आहे, कुठली तरी दुसरी इमारत बघून आला असेल.

त्याला काही लपवायचं आहे असं वाटेना. उलट नशीब उघडलेल्या माणसासारखा तो थोडा गोंधळलेलाच होता.

आम्ही बाहेर पडलो आणि पन्नास पावलांवर जावई धापा टाकत मागून आला. आजूबाजूला बघून त्याने आवाज खाली आणला. दुरुस्ती त्याने करून घेतली होती. गुपचूप. दोन कारागीर, चार दिवस. सासऱ्यांना ठाऊक नाही, आणि आता बाईंच्या तोंडून त्यांना कळलं तर बरं होईल. म्हणजे काय आहे, ते अजून त्याला दुकानाच्या किल्ल्या देत नाहीत.

"काय काय केलंत?" बाईंनी विचारलं.

त्याने खिशातून आमचीच नोटीस काढली. मालकाची प्रत. "हे बघा. चार नंबरची भिंत. पाच नंबरचं छत. जिन्याचा कठडा. एकूण एक केलं, एक सोडलं नाही."

वस्तुस्थिती तशीच होती. सोमवारी हे सगळंच, कठड्यासकट, आम्हाला दुरुस्त झालेलं सापडलं होतं.

तो गेल्यावर मी म्हणालो, "चला, गुन्हेगार सापडला."

"सापडला नाही," बाई म्हणाल्या. "स्वतःहून उगवला. असं पीक मला चालत नाही."

दोष ४
ठिकाण: पहिला आणि दुसरा मजला
वर्णन: (फक्त उत्तरं. प्रश्न बाईंचे होते, ते सगळीकडे सारखेच होते.)

खोली ४, बस ड्रायव्हर:
ओल नव्हती. असती तर मला दिसली असती, मी झोपतो त्याच भिंतीकडे तोंड करून. — नाही, कारागीर वगैरे कोणी आलं नाही. म्हणजे आले असतील, मी ड्यूटीवर असतो. — किती जण ते कसं सांगू, मी नव्हतो म्हटलं ना. — चहा टाकतो.

खोली ५, शिंपीण:
तक्रारीवर सही माझीच. न वाचता केली. — हो, कारागीर आले होते. एक का तीन, लक्षात नाही. — मी बारा वर्षं कापड मापते बाई, माझं माप चुकत नाही, पण माणसं मोजत नाही मी. — सासरे काय सांगतात त्याकडे लक्ष देऊ नका. साखर किती?

खोली ५, शिंपिणीचे सासरे, पलंगावरून:
बर्फ पडला. घरात. मागच्या रविवारी. मी म्हटलं सूनबाई, चष्मा राहू दे, बघू दे मला.

खोली ६, मास्तर, निवृत्त:
कारागिरांचं मला माहीत नाही. — ही भिंत होय? ती मीच रंगवली. सहज. मन प्रसन्न राहतं. — बाकीच्या तिन्ही पिवळ्या आहेत हे खरं आहे. मन एका वेळी एकाच भिंतीपुरतं प्रसन्न होतं. बसा, चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही.

खोली ७, नर्स, चार नंबरच्या बरोब्बर वर:
मोरी बघा की, आमची मोरी स्वच्छ आहे. पाइप भिंतीतून खाली उतरतो एवढं माहीत आहे, गळतो का ते मला नाही माहीत. — बहीण कामावर गेलीय. — चहा?

शेरा: चार घरं, चार चहा. पोटात तलाव.

दोष ५
ठिकाण: जिना
वर्णन: टंकलेखकाला काही आठवलं

खाली उतरताना बाई मधल्या पायरीवर थांबल्या आणि मी काय काय बघितलं ते विचारलं. मी म्हणालो, चार चहा. त्यांनी काय बघितलं ते सांगितलं.

सात नंबरच्या मोरीत साबण होता, त्याला उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या भेगा पडल्या होत्या. पाणी जायच्या जाळीवर कोळ्याने घर केलं होतं. ज्या मोरीत दोन बहिणी रोज आंघोळ करतात, तिथल्या साबणाला भेगा पडत नाहीत.

पाच नंबरच्या सासऱ्यांच्या चष्म्यावर पांढरे बारीक ठिपके होते, खसखशीएवढे. जमिनीवरही होते, पलंगाभोवती. पलंगाखाली एकही नाही. म्हणजे छताला पुटी लागली तेव्हा पलंग तिथेच होता, म्हातारबुवा त्यावर होते आणि डोळ्यांवर चष्मा लावून सगळी मजा बघत होते. भाड्याचा कारागीर आधी पलंग हलवायला लावतो, नाहीतर काम सोडून जातो.

"आणि सहा नंबर," त्या म्हणाल्या. "पश्चिमेची एकच भिंत रंगवलेली. मी हात लावला, ठोकली, नख मारलं. ती भिंत कधीच आजारी नव्हती. नोटिशीत सहा नंबरबद्दल काय होतं?"

"काही नव्हतं," मी म्हणालो.

आणि लगेच मी फाइलमधली नोटीस उघडली. कारण होतं.

दोष ६
ठिकाण: टंकलेखक
वर्णन: चूक, स्वतःची, कबूल

नोटिशीच्या तीन प्रती निघतात. एक मालकाला, एक फाइलला, एक इमारतीच्या दारावर चिकटवायला. त्या दिवशी मी 'खोली ४, पश्चिमेची भिंत, ओल' याऐवजी 'खोली ६' टाइप केलं होतं. निरीक्षकाने सही करताना ते पकडलं आणि पेनाने सहाचा चार करून शेजारी बारीक सही ठोकली. मालकाच्या प्रतीवर केलं, फाइलच्या प्रतीवर केलं. तिसरी प्रत तोवर शिपाई घेऊन गेला होता. मी म्हटलं, जाऊ दे, दारावरचं कोण वाचतं.

बावीस वर्षांत दारावरची नोटीस कुणी वाचली असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

बाईंना मी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं आता माझी धडगत नाही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं कुणी हरवलेली किल्ली परत आणून दिल्यावर बघतात.

दोष ७
ठिकाण: फरशीचं दुकान, बुधवार सकाळ
वर्णन: एक प्रश्न

"जावईबापू, सहा नंबरला रंग कुठला लावलात?"

"सहाला? सहाला काही नव्हतंच, बाई. नोटीस बघा ना तुम्ही."

बाईंनी आभार मानले. सासऱ्यांना त्याच्याबद्दल काही सांगितलं नाही, चांगलं नाही आणि वाईटही नाही. बाहेर पडल्यावर मात्र त्या भरभर चालू लागल्या, आणि चालता चालता मला सगळं उलगडून सांगितलं. ते जसंच्या तसं देतो, कारण त्यात माझ्या चुकीला जी किंमत मिळाली ती मला पुन्हा कधी मिळायची नाही.

मालकाकडे आणि जावयाकडे दुरुस्त केलेली प्रत. त्यांनी काम केलं असतं तर चार नंबर रंगला असता, सहाला कुणी हात लावला नसता. निरीक्षकाला खरी भिंत माहीतच होती, तोही सहाच्या वाटेला गेला नसता. दारावरची प्रत घेऊन बाहेरचा कोणी आला असता तर उलट झालं असतं: सहा रंगला असता आणि चार तसाच राहिला असता. इथे दोन्ही रंगल्यात. म्हणजे ज्याने हे केलं त्याच्याजवळ कागद चुकीचा होता आणि भिंत मात्र त्याला बरोबर ठाऊक होती. चार नंबर रंगवला कारण ओल तिथे आहे. सहा रंगवला कारण सरकारने लिहिलंय, आणि तपासायला येणारा माणूस लिहिलेलंच तपासणार.

"असा माणूस कुठे राहतो?" बाईंनी विचारलं.

मी इमारतीच्या दिशेने बोट केलं.

"त्याच घरात," त्या म्हणाल्या. "आणि एकटा नाही. सातच्या बहिणींनी पंधरा दिवस मोरी बंद ठेवली, म्हणून पाइप सुकला, म्हणून भिंत सुकली. मालकाने सांगून कुठल्या बाईने पंधरा दिवस आंघोळ सोडली असती? घर डोक्यावर घेतलं असतं. ती चारच्या ड्रायव्हरसाठी गप्प राहिली. छताची पुटी शिंपिणीने आणि ड्रायव्हरने मिळून लावली. मास्तरांनी स्वतःची धडधाकट भिंत रंगवून घेतली. चोर चार आहेत आणि चौघांनी आपल्याला चहा पाजला."

"पण का?" मी म्हणालो. "ज्या बाईने तक्रार केली तीच तक्रार पुसून काढते?"

बाई थांबल्या. "तुमच्या नोटिशीची शेवटची ओळ काय असते?"

ती ओळ मी झोपेतही म्हणू शकतो. दोष गंभीर आढळल्यास इमारत सात दिवसांत रिकामी करून सील करण्यात येईल.

दोष ८
ठिकाण: खोली ५, बुधवार दुपार
वर्णन: चौघं एका ठिकाणी

बाईंनी कुणावर आरोप केला नाही. त्या शिंपिणीच्या कापायच्या टेबलाशी बसल्या आणि सगळी साखळी शांतपणे मांडली: साबण, चष्मा, सहाची भिंत. मास्तरांनी मध्येच मान डोलावली, जणू एखाद्या विद्यार्थ्याचं गणित बरोबर येतंय. ड्रायव्हर म्हणाला, सहाची भिंत रंगवू नका असं मी तेव्हाच म्हटलं होतं. मास्तर म्हणाले, सरकारी कागदात आहे म्हटल्यावर आपण कोण चूक काढणारे. दोघं त्यावर थोडे भांडलेही.

शिंपीण कापडाची घडी घालत राहिली. नर्स बोलली. ती आणि तिची बहीण तीन वर्षांत तिसऱ्या घरात राहत होत्या. पहिली इमारत आमच्याच खात्याने सील केली होती. दोष खरे होते, तिने तेही मान्य केलं. सात दिवस मिळाले, सामान नातेवाइकांत विखुरलं, आणि दुरुस्ती होऊन इमारत उघडली तेव्हा तिथे दुसरेच लोक राहायला आले होते. तिने ते सगळं सांगताना आवाज एकदाही चढवला नाही. जखमेवरची पट्टी बदलतात तसं सांगितलं.

शिंपिणीने तक्रार केली तेव्हा तिला वाटलं होतं छत नीट होईल. मग दारावर नोटीस लागली, मास्तरांनी ती सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली, आणि शेवटची ओळ ऐकून सगळ्यांनी जिन्यातच ठरवलं की दोष दिसायला नकोत.

"आता तुम्ही साहेबांना सांगणार," ती म्हणाली.

"नाही," बाई म्हणाल्या. "साहेबांना सांगणार तुम्ही. पण उद्या. आणि आधी कागद तुमच्या हातात येईल. तो पटला नाही तर छताला हात लावू देऊ नका, आणि मी जे ओळखलं ते माझ्याजवळच राहील."

मी चमकून त्यांच्याकडे बघितलं. तसं झालं असतं तर निरीक्षकाची नोकरी गेली असती, आणि स्लॅब तसाच राहिला असता. ते त्यांना माहीत होतं. तरीही शब्द त्यांनी दिला.

दोष ९
ठिकाण: नियमांचं पुस्तक, पान ४१
वर्णन: धूळ

नियम चौदा, पोटनियम दोन. शहराला इमारत सील न करताही दुरुस्त करायला लावता येते. एकेक खोली घ्यायची. त्या खोलीतल्या माणसांना तेवढे दिवस त्याच मालकाच्या रिकाम्या जागेत हलवायचं. ठरल्या तारखेला त्याच खोलीत, त्याच भाड्याने परत आणायचं. मालकाने काम केलं नाही तर शहराने करायचं आणि खर्च त्याच्याकडून वसूल करायचा.

पोटनियम पहिल्यापासून होता. बावीस वर्षांत मी तो एकदाही टाइप केला नव्हता, कारण फॉर्मवर खूण करायला एकच चौकट होती आणि तिच्यापुढे लिहिलं होतं: सील.

संध्याकाळी चार वाजता साहेबांनी ते पान दोनदा वाचलं आणि विचारलं, नियमात आहे तर फॉर्मवर का नाही? त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी बाईंकडे बघितलं, बाई खिडकीबाहेर बघत होत्या. साहेबांनी पेन मागितलं. पाच वाजेपर्यंत मी दुसरी चौकट आखली होती. आकडे तीनदा तपासले.

दोष १०
ठिकाण: खोली ५, गुरुवार, अकरा
वर्णन: सुनावणी

मालक गुडघे धरत वर आला आणि खुर्ची मागून बसला. तो निर्धास्त होता. जावई त्याच्याही वर निर्धास्त होता. निरीक्षक भिंतीला पाठ लावून उभा होता, रात्री झोपला नसावा. बाईंनी शिंपिणीच्या हातात कागद दिला.

तिने तो उभ्याउभ्या वाचला. मग टेबलापाशी बसून वाचला. मग मास्तरांना दिला, मास्तरांनी नर्सला, नर्सने ड्रायव्हरला. साहेबांनी घड्याळ बघितलं. कागद फिरून तिच्याकडे आला, आणि तिने एका ओळीवर बोट ठेवलं.

"इथे जागा कोरी आहे. परत कधी आणणार, ती."

साहेब म्हणाले, काम बघून ठरेल, पण लवकरच.

"लवकरच हा आकडा नाही, साहेब. मी ब्लाउज शिवायला घेते तेव्हा गिऱ्हाइकाला वार सांगते."

निरीक्षक पुढे झाला. तो छताकडे बघत मनातल्या मनात काहीतरी हिशेब करत होता: टेके लावायला दोन दिवस, खराब काँक्रीट काढायला तीन, सळया घासून बदलायला, नवं काँक्रीट आणि ते मुरायला. तो म्हणाला, एकवीस दिवस. साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, मग तो आकडा स्वतःच्या हाताने भरला आणि खाली सही केली.

मालक खुर्चीतून अर्धा उठला. हे कसलं एकवीस दिवस, कशाचं काम, इथे दोष आहेच कुठे?

शिंपिणीने पलंगापाशी जाऊन सासऱ्यांच्या अंगावर चादर ओढली, ड्रायव्हरला आणि मास्तरांना खूण केली. दोघांनी पलंग उचलून दारापर्यंत नेला. म्हातारबुवा वरून सगळ्यांना हात करत गेले. मग ती कापायच्या टेबलावर चढली, कमरेची मोठी कात्री काढली आणि बंद पात्यांचं टोक पुटीत घुसवून एकदा पिरगाळलं.

पुटी निघाली नाही. स्लॅबचा तुकडाच निघाला, परातीएवढा, आणि जमिनीवर असा आपटला की खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडून विचारलं, काय पडलं? वर तीन सळया होत्या. मधली तर तुटून लोंबत होती.

मालकाच्या डोक्यावर धूळ बसत होती.

"माझ्या संमतीने केलं," शिंपीण टेबलावरून म्हणाली. "लिहून घ्या."

जावई सगळ्यांत आधी सावरला. म्हणाला, काम माझ्या कारागिरांनी नीट केलं नाही. मालक त्याच्याकडे वळला आणि पहिल्यांदाच पूर्ण लक्ष देऊन विचारलं, कुठले कारागीर? त्याला बाहेर जिन्यात नेऊन पुढचं बोलणं झालं. आम्हाला ते शब्दन् शब्द ऐकू आलं, पण ते घरगुती होतं.

साहेबांनी जमिनीवरच्या तुकड्याला बुटाने हलवलं. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. "तुम्हाला माहीत होतं हे वर आहे. खाली तुमचे सासरे झोपतात. तरी लपवलंत?"

शिंपीण खाली उतरली, कात्री पुसली. "साहेब, छत कधी पडेल ते कुणालाच माहीत नव्हतं. तुमचं सील मात्र सात दिवसांत पडणार होतं, ते छापलेलं होतं."

साहेबांनी कागदावर तिची संमती लिहून घेतली. त्यांनी निरीक्षकाच्या खांद्यावर हात ठेवला, मग आपण काय करतोय हे लक्षात येऊन काढून घेतला.

दोष ११
ठिकाण: खोली ५, एकविसावा दिवस
वर्णन:

मालकाने दोन नंबरच्या बंद खोलीतल्या जुन्या फरशा हलवल्या, कारण नाहीतर शहर हलवणार होतं. तिथे आधी शिंपीण आणि सासरे राहिले, आता ड्रायव्हर राहणार होता; चारची भिंत फोडून पाइप बदलायचा होता. नऊ खोल्या, एकामागून एक. निरीक्षक रोज यायचा आणि दाराचा नंबर येईल असा फोटो काढायचा. बाईंनी तक्रारीची वाट न बघता तपासायच्या चाळीस इमारतींची यादी केली होती, आणि मला सांगून ठेवलं होतं की प्रत्येक दारावर आधी दुसरी चौकट वाचून दाखवायची, मगच भिंतीला हात लावायचा.

एकविसाव्या दिवशी दुपारी सासऱ्यांना वर आणलं. साहेब आले होते, मालक आला होता, जावई मालकाच्या दोन पावलं मागे होता. निरीक्षकाने लांब दांड्याने छत ठोकून दाखवलं, सगळीकडे एकच भरीव आवाज आला. मालक म्हणाला, दणकट, मी म्हटलंच होतं. साहेबांनी दोन शब्द बोलायला घसा खाकरला. शहर आणि नागरिक यांच्यातला विश्वास, अशी सुरुवात होती.

शिंपिणीने ओठांवर बोट ठेवलं.

म्हातारबुवा झोपले होते. उताणे, तोंड उघडं, चष्मा नाकावर तसाच. तिने हळूच चष्मा काढला.

"दोन वर्षांत दिवसा डोळा लागला नव्हता त्यांचा," ती कुजबुजली. "वर बघत पडायचे. हळू बोला."

साहेबांनी भाषण गिळलं. मग ते, निरीक्षक, ओळंबा बाई, गुडघेवाला मालक, त्याचा जावई आणि फाइल छातीशी धरलेला मी, सगळे एकामागोमाग चपला-बूट हातात घेऊन चवड्यांवर जिना उतरलो. आणि खाली रस्त्यावर येईपर्यंत कुणीही तोंडातून चकार शब्द काढला नाही.